नदी सर्वांची, पण जागा कोणाची?

प्रतिनिधी

आसगाव (जि. भंडारा) : पवनी तालुक्यातील चौरास पट्ट्यात मासे पकडणे हा कोणाच्या लेखी छंद असतो, तर कोणाच्या लेखी चूल. हे दोघेही आता एकाच काठावर येऊ लागले आहेत. सुटीच्या दिवशी भंडारा, उमरेड आणि नागपूरहून मोटारसायकलींवर घडीच्या काठ्या, रीळ आणि रंगीत नकली मासे घेऊन आलेले तरुण वैनगंगेच्या काठी बसतात. त्याच पाण्यात पहाटेच्या अंधारात डोंग्यातून जाळे सोडून गेलेला ढिवर उन्हे वर आली की ते काढायला येतो. तोवर जाळ्याच्या दोरीत कोणाचा तरी गळ अडकलेला असतो. गळ महागाचा, म्हणून तो सुटावा यासाठी दोरी कापली जाते. दोन्हीकडून चार शब्द होतात, आणि प्रकरण तिथेच मिटते.

अशा भांडणाची फिर्याद होत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. परंतु नदीकाठी थोडा वेळ काढला तर लक्षात येते, की वाद जाळ्याचा किंवा गळाचा नाही. पाणी सर्वांचे असेल, तर त्यातली बसण्याची जागा कोणाची, कोणी कोणाला वाट द्यायची आणि कोणी किती घेऊन थांबायचे, हे ठरवणारा जो अलिखित करार होता, तो आता दोन्ही पक्षांना सारखा ठाऊक राहिलेला नाही. कायदा जिथे गप्प बसतो तिथे हा शिष्टाचार बोलत असे. तो ज्यांनी घडवला, त्यांचाच शब्द आज काठावर सर्वांत हलका झाला आहे.

गळ टाकून बसणाऱ्यांचे जग बाहेरून निवांत दिसते. आतून ते विलक्षण काटेकोर असते. आधी आलेल्याची जागा त्याची, हा पहिला नियम. त्याच्या शेजारी बसायचे तर किमान एका काठीच्या फेकीइतके अंतर सोडायचे, आणि बसण्यापूर्वी विचारायचे. विचारणे म्हणजे लेखी परवानगी नव्हे, "काही लागले का?" एवढ्या प्रश्नात ती मागितली जाते आणि उत्तराच्या सुरातून ती मिळते किंवा नाकारली जाते. दुसऱ्याच्या दोरीवरून आपली दोरी टाकायची नाही. सकाळचे ऊन पाठीशी असेल तर पाण्याच्या अगदी कडेने चालायचे नाही, कारण सावली पाण्यावर पडली की उथळ्यातला मासा खोल जातो आणि मागच्याची तासाभराची बैठक वाया जाते. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला तर आपली दोरी मुकाट्याने आवरून घ्यायची. मासा काठाशी आला की हातजाळी धरायला पुढे व्हायचे, मात्र त्याने हाक मारल्यावरच. तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात वा काठावर टाकायची नाही. ती कुजत नाही, बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत आणि गुरांच्या खुरांत अडकते.

या सर्वांत नाजूक नियम चाऱ्याचा. जाणता गळकरी एखाद्या डोहाच्या कडेला सलग काही दिवस कणकेचे, भाताचे किंवा पेंडीचे गोळे टाकून जागा 'तयार' करतो. त्या दिवसांत तो गळ टाकत नाही. मासे त्या जागी यायला सरावावेत एवढाच हेतू असतो. अशा जागेवर कसलीही खूण नसते. दगड नाही, काठी नाही. तरीही ती त्याची असते, आणि आसपासच्या सर्वांना ते ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला मात्र ते कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा धडा काही वर्षांपूर्वी एका नदीकाठी मिळाला. सावलीची, सपाट दगडाची, पाण्याला लागून असलेली जागा रिकामी पाहून बैठक मारली आणि अर्ध्या तासात दोन चांगले मासे लागले. आपल्या कौशल्याचे कौतुक मनात सुरू असतानाच एक वृद्ध गृहस्थ आले, काही न बोलता थोडे खाली जाऊन बसले आणि दिवसभर रिकाम्या हाताने बसून राहिले. त्यांनी चार दिवस त्या जागेला चारा घातला होता, हे संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळले. त्यांनी उठवले असते तर वाईट वाटले नसते. उठवले नाही, हे अजून बोचते.

चाऱ्याची ही कला आजकालची नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, दोरी, काठी, गळ आणि आमिष यांचे त्यात तपशीलवार वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आयझॅक वॉल्टनचे गळाच्या मासेमारीवरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ चे, म्हणजे त्यानंतर सुमारे पाच शतकांनी आलेले. गळ टाकून मासे पकडणे हा साहेबाने आणलेला खेळ आहे, असे समजणाऱ्या शहरी हौशी मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र राजाच्या विनोदात जागेचा प्रश्न येत नसावा. राजा बसला की बाकीचे आपोआप उठतात. प्रश्न येतो तो बरोबरीच्या माणसांमध्ये.

आणि वैनगंगेवर आज जे समोरासमोर येतात ते तरी बरोबरीचे आहेत काय?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारांच्या काळात, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणून उरले. या तलावांतील मासेमारीचे हक्क बहुतांशी ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था बीज सोडते, राखण करते, मासे काढते. त्यामुळे तलावावर कोणी हौशी गळकरी आला तर त्याला विचारणारा कोणी तरी असतो. तिथे शिष्टाचाराला ठेक्याच्या कागदाचा आधार आहे.

नदीला असा दर्शनी मालक नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नद्या, नाले आणि त्यांची पात्रे शासनाच्या मालकीची. शासनाचे म्हणजे सर्वांचे, आणि सर्वांचे म्हणजे कोणीही यावे, असा सोपा अर्थ शहरातून येणारा लावतो. ढिवराचा अर्थ निराळा आहे. कोणत्या डोहात मरळ बसते, कोणत्या खडकाखाली बाम दडते, कोणत्या उतारावर शिंगाडा लागतो, हे त्याला बापाकडून मिळालेले असते. कोणाच्या घराने कुठे जाळे लावायचे, ही वाटणीही तशीच आलेली. तिचा सातबारा निघत नाही. अर्थशास्त्राचे नोबेल २००९ मध्ये मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमारांच्या, पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या अशाच अलिखित वाटण्यांचा अभ्यास केला होता. सामाईक संपत्ती नेहमी ओरबाडलीच जाते असे नाही. ती वापरणारे एकमेकांना ओळखत असतील आणि नियम त्यांनी स्वतः केलेले असतील तर ती टिकते, हे त्यांच्या मांडणीचे सार. 'एकमेकांना ओळखत असतील' ही अट वैनगंगेच्या काठावर आता सुटत चालली आहे.

धरणाने ही सैल झालेली वीण आणखी उसवली. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. पुढे पाणी अडू लागले तशी वरच्या बाजूची वाहती नदी जलाशय बनली. डोह, खडक, उतार अशा ज्या खुणांवर वाटणी उभी होती त्या खुणाच पाण्याखाली गेल्या. खालच्या बाजूला नदीचे चढ-उतार पावसापेक्षा दरवाज्यांच्या वेळापत्रकावर चालू लागले. काल जिथे कमरेएवढे पाणी होते तिथे आज वाळू, आणि परवा पूर. जिथे जागा स्थिर नाही तिथे 'आधी आलेल्याची जागा' हा नियम तरी कसा टिकावा? धरणाच्या खाली पाणी अडून राहते तिथे मासेही अडतात आणि माणसेही. तिथली गर्दी पाहिली की आठवडी बाजाराची आठवण होते. दरवाजे उघडण्यापूर्वीचा भोंगा ऐकून नेमके कोणत्या वाटेने वर यायचे, हे ढिवराला ठाऊक असते. पात्रातल्या खडकावर कानात गाणी लावून बसलेल्या पाहुण्याला नसते. त्याला हाक मारून उठवणे हाही काठावरच्या शिष्टाचाराचाच भाग, आणि तो अजून पाळला जातो.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? ब्रिटिश काळात फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या माशांविषयी अहवाल दिला. बारीक छिद्रांची जाळी, पात्रभर लावलेले अडसर आणि विणीच्या माशांची सरसकट कत्तल यांमुळे मासे घटत असल्याचे त्यात मांडले होते. पुढे १८९७ चा मत्स्य कायदा झाला. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले; शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्यांच्या छिद्रांचा आकार, अडसर आणि बंदीचा हंगाम याबाबत नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना मिळाली. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदाही केला. पण कायद्याची नजर टोकाच्या अपराधावर असते. सुरुंग आणि सावली यांच्या मधला सारा प्रदेश त्याने माणसांच्या समजुतीवर सोडलेला आहे.

तरीही टोकाचे अपराध थांबलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी बोटभर पिल्लेही सोडत नाहीत. त्याहून भयंकर प्रकार विजेचा. बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन किंवा थेट तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडला जातो. लहान-मोठे सारे मासे एकदम उलटे होऊन वर येतात, त्यातले खाण्याजोगे वेचले जातात, उरलेले वाहून जातात. अशा प्रकारांत माणसेही दगावली आहेत. हे करणारा दर वेळी बाहेरचाच असतो असे म्हणता येणार नाही. गावातला, ढिवरांच्या घरातलाही असतो. जुन्या माणसांचा शब्द चालत होता तेव्हा त्याला निदान काठावर तोंड दाखवायची लाज वाटत असे.

खरी कसोटी लागते ती मृगात. पहिल्या जोरदार पावसाने नाले वाहू लागले, की नदीतले आणि तलावातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. हे चढणीचे मासे. मादीच्या पोटात अंडी असतात आणि तिला उथळ, नव्याने भरलेले, शांत पाणी हवे असते. चौरासातल्या धानाच्या बांध्या म्हणजे तिच्यासाठी आयते बाळंतघर. नदीतून नाल्यात, नाल्यातून पाटात आणि पाटातून बांधीत असा तिचा प्रवास असतो. आसगाव परिसरातल्या शेतकऱ्याला तो नवा नाही. त्या दोन-चार रात्री सारे गाव कंदील-बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. काठी, टोपले, साडी, जे हाती येईल त्याने मासे पकडले जातात. वर्षभर ज्यांनी गळाला हात लावला नाही असे शिक्षक आणि दुकानदारही त्यात असतात. त्या रात्रींची मौज ज्याने अनुभवली त्याला ती वर्ज्य करा असे सांगणे कठीण आहे, आणि हा लेखही ते सांगणार नाही.

पण या मौजेलाही एक मर्यादा होती. नाला पूर्ण रुंदीने अडवायचा नाही, एका कडेने फट ठेवायची. पहिली रात्र सोडायची, दुसऱ्या रात्री उतरायचे. बांधीत शिरलेल्या मादीच्या वाटेस जायचे नाही, परतणारा मासा धरायचा. अशा समजुती गावागणिक वेगळ्या, पण त्यांचा अर्थ एकच होता: काही मासे वर पोहोचले पाहिजेत. आज नाल्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत प्लास्टिकचे जाळे ताणलेले दिसते. एकदा तसे जाळे लागले की वरच्या गावाला मासाच मिळत नाही. मग पुढच्या वर्षी वरचे गाव खाली उतरून आधीच जाळे लावते. समुद्रात दर वर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागू होते आणि तिची बातमी घराघरांत पोहोचते. नदीच्या विणीच्या हंगामाबद्दल शहरातला हौशी माणूस क्वचितच काही ऐकतो. त्याच्या दृष्टीने तर नद्या भरल्या म्हणजे हंगाम सुरू झाला. इंग्लंडमध्ये १५ मार्च ते १५ जून या काळात नद्यांवर गळ टाकायला बंदी असते, ती तिथल्या माशांच्या विणीसाठी. आपल्याकडे विणीचा काळ पावसाळ्यात येतो. पंचांग वेगळे, कारण तेच.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सॅमन माशांच्या नद्यांवर आणखी एक रीत आहे. डोहाच्या वरच्या टोकाला उभे राहायचे, एक फेक टाकायची, एक-दोन पावले खाली सरकायचे, पुन्हा फेक. मागचा माणूस त्याच क्रमाने येतो. चांगल्या जागेवर कोणी ठाण मांडून बसू शकत नाही आणि प्रत्येकाला पूर्ण डोह मिळतो. रीत सुंदर आहे यात शंका नाही. मात्र त्या नद्यांवरचे मासेमारीचे हक्क बहुधा खासगी मालकीचे असतात आणि दिवसाचे भाडे मोजूनच तिथे उभे राहता येते, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक अर्धवट राहील. रांगेत उभे राहणारे सारे एकाच तिकिटाचे असतात. वैनगंगेवर तसे नाही.

त्यामुळेच शहरी गळकऱ्यांनी बाहेरून घेतलेला 'पकडा आणि सोडा' हा आचार इथे थोडा विचित्र दिसतो. मासा गळाला लावायचा, त्याच्यासोबत छायाचित्र काढायचे आणि पाण्यात परत सोडायचे, हे माशांच्या दृष्टीने निश्चितच चांगले. महसीरसारख्या माशाबाबत तर आवश्यकच. पण ते करायचे तर नीट केले पाहिजे. कोरड्या हातांनी धरले तर माशाच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. मे महिन्याच्या तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात दहा मिनिटे झुंजवलेला मासा पोहून जाताना दिसला तरी पुढे जाऊन मरू शकतो. ढिवराला हा सारा खेळ न उमगणारा वाटतो. त्याच्या शिष्टाचारात माशाला उगाच छळणे बसत नाही. पकडला तर खायचा किंवा विकायचा, नको असेल तर गळच टाकायचा नाही. दोघांनाही आपापली नीती श्रेष्ठ वाटते. या प्रतिनिधीच्या मते ढिवराची बाजू अधिक सरळ आहे, पण हौशी मंडळींनी सोडलेला अंडी भरलेला मासा अखेर ढिवराच्याच जाळ्यासाठी पिल्ले देतो, हेही खरे.

काही ठिकाणी महाराष्ट्राने हा प्रश्न श्रद्धेच्या वाटेने सोडवला आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचा डोह आहे. तिथे महसीर निर्धास्त फिरतात, भाविक त्यांना चुरमुरे घालतात आणि कोणी गळ टाकत नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातही तीच रीत. एक डोह सोडला म्हणून आसपासच्या मच्छीमारांचे काही बिघडले नाही. असे राखीव डोह बाकीच्या नदीला बीज पुरवतात. देवीचे नाव नसते तर ही शिस्त इतकी वर्षे टिकली असती का, हा प्रश्न अवघड आहे. तूर्त तो बाजूला ठेवू.

जागा, सावली आणि चारा यांच्या शिष्टाचाराची चर्चा करताना सर्वांत मोठ्या असभ्यतेकडे मात्र डोळेझाक होते. नागपूर शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांमध्ये उगम पावणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारे गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला २०२१ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. नदीकाठचा माणूस त्याचा हिशेब मंजुरीने करत नाही, पाण्याच्या वासाने करतो. शेजाऱ्याच्या दोरीवरून दोरी टाकणे असभ्य, तर शेजाऱ्याच्या पाण्यात आपले सांडपाणी सोडणे काय म्हणावे? रविवारी नागपूरहून गळ घेऊन येणारा तरुण व्यक्तिशः दोषी नाही. पण तो ज्या पाण्यात मासे शोधतो, त्यात त्याच्या शहराने आधीच काहीतरी टाकलेले असते. काठावरचा ढिवर त्याच्याशी फटकून का बोलतो, याचे थोडे उत्तर इथेही आहे.

फटकून बोलणे दोन्हीकडून कमी होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. पवनीच्या घाटांवर स्नानाची जागा, धुण्याची जागा, दशक्रियेची जागा आणि डोंगे बांधण्याची जागा वेगवेगळी आहे. ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही, तरी परगावचा माणूसही पाच मिनिटांत ओळखतो, कारण तो आधी उभा राहून पाहतो. गळकऱ्याला याहून जास्त काही करायचे नाही. पोहोचताच काठी उघडण्याऐवजी पाण्यावर जाळ्याचे तरंगणारे भोपळे किंवा प्लास्टिकचे डबे कुठे आहेत ते पाहावे, काठावर कोणी असेल त्याला विचारावे, आणि दोरी अडकलीच तर आपली कापावी, त्याची नव्हे. मत्स्य सहकारी संस्थांनीही तलावाप्रमाणे नदीसाठी एक पाऊल पुढे टाकायला हवे. कोणते डोह जाळ्यांचे, कोणते काठ गळाचे, कोणत्या नाल्यांत मृगात जाळे लावायचे नाही, एवढे जरी त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत मांडले, तरी निम्मे वाद उद्भवणार नाहीत.

आसगाव परिसरात नाले थोडे आणि माणसे ओळखीची. त्यांतला कोणता मोकळा सोडायचा हे ठरवायला मृगाआधीची एक संध्याकाळ पुरेल. त्या बैठकीला नागपूरच्या हौशी मंडळींनाही बोलवावे. येताना काठ्या मात्र त्यांनी घरीच ठेवाव्यात.